मशीनवरची पाठराखीण

मी घोरते, हे मला फार उशिरा पटलं. आमचे हे म्हणतात की ते लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून सांगत होते. असेलही. पण नवरा बायकोला ज्या शंभर गोष्टी सांगतो, त्यातली कुठली खरी आणि कुठली नुसती चिडवायला सांगितलेली, हे ओळखायला वेळ लागतो. शिवाय घोरणं हे माझ्या मते पुरुषांचं खातं होतं. माझे वडील घोरायचे, सासरे घोरायचे. बाईमाणूस घोरतं हे मी कधी ऐकलंच नव्हतं. ऐकणार कशी, मी झोपलेली असायचे.

यांची सगळी नोकरी फौजेत गेली, तीही तोफखान्यात. हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि वाईला राहायला आले, कारण मी इथल्या शाळेत मराठी शिकवते आणि माझी नोकरी अजून बाकी आहे. आल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी आपली कॉट उचलून गॅलरीत नेली. मी कारण विचारलं तर म्हणाले, तोफेचं एक बरं असतं, ती उडवायच्या आधी कुणीतरी ओरडून सांगतं. यावर मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. ते दोन दिवस त्यांनी मजेत काढले.

रात्रीचं मला ठाऊक नव्हतं, पण दिवसाचं ठाऊक होतं. मला सारखी झोप यायची. परीक्षेच्या वर्गावर उभ्या उभ्या डुलकी लागायची. एसटीत बसले की पाचवड यायच्या आत मान कलंडायची. एकदा कामासाठी साताऱ्याला निघाले, झोपले, आणि जाग आली तेव्हा वाईच्याच स्टँडवर होते. मला वाटलं गाडी अजून सुटलीच नाही. ती सुटली होती, साताऱ्याला जाऊन आली होती, आणि कंडक्टरने दया येऊन परतीचं तिकीट मागितलं नव्हतं.

पण खरी लाज वाटली ती शाळेच्या एका सहलीत. मुलींबरोबर मुक्काम होता. सकाळी नाश्त्याला एक मुलगी अगदी निरागसपणे म्हणाली, बाई, रात्री आपल्या खोलीबाहेर कुणीतरी ट्रॅक्टर चालू ठेवून गेलं होतं. बाकीच्या पोरी उपम्याकडे बघत बसल्या. त्या दिवसापासून मी परक्या घरी मुक्कामाला राहणं सोडलं. लग्न असो, बारसं असो, शेवटच्या गाडीने मी घरी. लोकांना वाटायचं बाईंना शाळेची फार काळजी.

माझ्या शेजारी वर्षानुवर्षं झोपलेलं माणूस एकच, आमची पुतणी. माझे धाकटे दीर कडेगावजवळच्या आमच्या गावात ऊस करतात. त्यांची ही एकुलती एक मुलगी. पाचवीत शिकायला वाईला माझ्याकडे आली ती बारावी होऊनच परत गेली. तेव्हा हे सरहद्दीवर आणि आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. माझ्या शेजारी गादी टाकून ती झोपायची. इतक्या वर्षांत एकदाही तिने आवाजाची तक्रार केली नाही. पोरीला झोप गाढ आहे, अशी मी माझी समजूत करून घेतली होती.

तिचं लग्न आष्ट्याच्या मुलाशी ठरलं. मुलगा फौजेत, म्हणून हे खूश. सुपारी फुटली त्या दिवशी सगळे बाहेर पेढे वाटत होते आणि पुतणीने मला स्वयंपाकघरात गाठलं. म्हणाली, "काकी, माझी पाठराखीण तुम्हीच यायचं."

आमच्याकडे नवरी सासरी एकटी जात नाही. तिच्या बरोबर माहेरची एक बाई जाते, ती पाठराखीण. पहिल्या रात्री, सत्यनारायणाची पूजा व्हायच्या आधी, नवरी सासरच्या घरात हिच्या शेजारी झोपते. नव्या घरात पोरीला ओळखीचं काहीतरी जवळ असावं एवढाच त्यातला हेतू. बहुतेक करून एखादी मावशी किंवा आत्या जाते. मोठा मान असतो, साडी-चोळी होते. आणि त्या बाईने त्या रात्री काय करायचं असतं? झोपायचं असतं.

मी गुडघ्याचं कारण सांगितलं. तिने ते ऐकूनच घेतलं नाही. मग मी खरं सांगितलं की मी घोरते, आणि तुझ्या सासरची माणसं म्हणतील ही कुठली म्हैस पाठवली. ती म्हणाली, मला काही होत नाही. मी म्हणाले, तुला नाही होत, त्यांना होईल. ती माझ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. पाचवीत आली होती तेव्हा पहिल्या आठवड्यात असंच करायची. मग म्हणाली, "मला दुसरी कुणी नको."

तिथे मी हरले. त्याच आठवड्यात साताऱ्याला डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरीणबाई माझ्या विद्यार्थिनी शोभतील एवढ्या होत्या. त्यांनी मला एक रात्र दवाखान्यात झोपवलं. डोक्याला, छातीला, पायाला वायरी, नाकाखाली नळी, बोटाला चिमटा. वटपौर्णिमेच्या वडाला सूत गुंडाळतात तशी मी दिसत होते. सकाळी त्यांनी सांगितलं की झोपेत माझा घसा मिटतो, श्वास थांबतो, मग शरीर घाबरून मला अर्धवट जागं करतं आणि तो पुन्हा सुरू होतो. हे तासाभरात किती वेळा होतं तो आकडा त्यांनी सांगितला. तो आमच्या नववी ब च्या पटापेक्षा मोठा होता, आणि आमच्याकडे नववी ब मध्ये बाकं पुरत नाहीत.

"म्हणजे रात्रभर तुम्ही झोपत नाही, दमता," त्या म्हणाल्या.

उपाय म्हणजे एक मशीन. डब्याएवढी पेटी, तिला लांब नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसवायचा मास्क. पेटी हवा फुंकत राहते, हवेने घसा उघडा राहतो. हे सगळं रक्तदाबाला, हृदयाला किती चांगलं हे त्या समजावत होत्या. मी मध्येच विचारलं की घोरणं थांबेल का. थांबेल, म्हणाल्या. मग विचारलं की पाठराखीण म्हणून जाता येईल का. त्या साताऱ्याच्याच असाव्यात, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. म्हणाल्या, तोवर सवय झाली तर खुशाल जा, पण रोज लावायचं, एक रात्रही चुकवायची नाही. लग्नाला दोन महिने होते.

पहिल्या रात्री मी मास्क लावला, बटण दाबलं आणि काहीतरी सांगायला तोंड उघडलं. नाकातून आत गेलेली सगळी हवा तोंडावाटे धो धो बाहेर आली. मी बोलत होते ते शब्द त्या वाऱ्यात कुठे गेले कुणास ठाऊक. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. या मशीनची पहिली अट अशी की तोंड बंद ठेवायचं. हे गॅलरीच्या दारात उभे होते. एवढं तृप्त हसू मी त्यांच्या चेहऱ्यावर निवृत्तीच्या समारंभातसुद्धा पाहिलं नव्हतं.

मला राग आला की मी वस्तू फेकते. मास्क कपाटावर गेला. दुसऱ्या रात्री पट्टा इतका घट्ट आवळला की सकाळी नाकावर लाल खूण घेऊन शाळेत गेले. तिसऱ्या रात्री झोपेतच काढून उशाखाली ठेवला, आणि उशी रात्रभर श्वास घेत बसली.

मग हे पुढे सरसावले. फौजेत विषारी वायूच्या मास्कचं प्रशिक्षण असतं म्हणे. त्यांनी ते शेकडो जवानांना दिलं होतं, आणि ज्या माणसाला मास्क नको असतो त्याचं काय करायचं हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. रोज दुपारी शाळेतून आले की जेवणानंतर कवायत. आधी नुसता हातात धरायचा. मग टीव्ही बघत नाकाला लावायचा, पट्टा न बांधता. मग पट्टा. मग हवा सुरू. हे समोर खुर्चीवर ताठ बसून "मास्क चढाव" आणि "मास्क उतार" म्हणायचे. मशीनला त्यांनी संत्री, म्हणजे पहारेकरी, असं नाव दिलं, कारण तो रात्रभर जागा राहतो. मी मुकाट्याने हुकूम पाळत होते, कारण उलट बोलायची सोयच नव्हती. एका दुपारी मास्क लावून मालिका बघता बघता मी झोपले. तासाने उठले तर डोकं असं स्वच्छ, जसं सुट्टीत शाळेचं मैदान. मी उठून घरभर फिरले. पडदे धुतले. चकल्या केल्या. चैत्रात चकल्या कुणी करतं का, पण मला काहीतरी करायचंच होतं. हे हातातली चकली खात म्हणाले की या मशीनचे काही फायदे डॉक्टरांनी आधी सांगायला हवे होते.

त्या आनंदात त्यांनी गच्चीवर जाऊन गावाला भावाला फोन केला. इथे सगळा घोळ झाला.

गावाकडे रेंज येते-जाते. दिरांना जे ऐकू आलं ते असं: वहिनीला मशीन लावलंय, रात्रभर मशीनवरच असते, आता शांत झोपलीय. बस. आमच्या गावात "मशीनवर आहे" याचा अर्थ एकच होतो. माणूस मोठ्या दवाखान्यात, काचेच्या दारापलीकडे, आणि नातेवाईक बाहेरच्या बाकावर बसून पुण्या-मुंबईच्यांना फोन लावत आहेत. मशीनवरून माणूस परत घरी येतो ते क्वचितच. असल्या वेळी जास्त विचारू नये, बोलणाऱ्याला त्रास होतो, असं मानतात. दिरांनी नीट विचारलं नाही. धीर धर दादा, म्हणाले आणि फोन ठेवला. हे खाली येऊन मला म्हणाले की भावाला फार आनंद झाला, त्याचा आवाज भरून आला होता.

दोन-चार दिवसांनी जावेचा फोन आला. आक्का, लग्नाची तारीख जरा अलीकडं घेतलीया, एवढंच म्हणाली. किती अलीकडे? तर चांगला महिना अलीकडे. म्हणजे माझ्या हातात जेमतेम दोन आठवडे. कारण विचारलं तर गडबडली, मुहूर्त चांगला हाय म्हणाली, आणि माझा आवाज ऐकून तिला इतकं आश्चर्य का वाटतंय हे मला कळेना. तिच्या हिशेबात मला फोनवर आणणं हाच मोठा चमत्कार होता.

मग एका रविवारी दुपारी दार वाजलं. मी पेपर तपासत होते, पदर खोचलेला, हातात लाल पेन. दार उघडलं तर यांच्या गावाकडच्या आत्या. वय झालेल्या, काठी टेकत, बरोबर त्यांचा मुलगा, त्याच्या हातात केळी आणि बिस्किटाचे पुडे. मला दारात उभी बघून आत्या थबकल्या. वर-खाली पाहिलं. मग त्यांचा हात पिशवीत गेला आणि बाहेर येत असलेली कसलीतरी वस्तू त्यांनी घाईघाईने परत आत ढकलली. पण मी मास्तरीण आहे. बाकाखाली लपवलेलं मला दिसतं.

तो तांब्याचा छोटा गडू होता, तोंडाला लाख लावून बंद केलेला. काशीची गंगा. आमच्या भागात बऱ्याच घरांत देवाजवळ असा एक गडू असतो, शेवटच्या घटकेला तोंडात दोन थेंब घालायला.

मला असं हसू आलं की मी दाराच्या चौकटीला धरून खाली बसले. आत्यांना वाटलं, आता आलीच घटका, आणि त्यांनी गडू खरंच बाहेर काढला. हे आतून धावत आले. मुलगा केळी टाकून मला धरायला वाकला. मी हसतेय हे कळायला सगळ्यांना बराच वेळ लागला, कारण मधेमधे मी रडतही होते.

चहा झाला, मशीन दाखवून झालं, तेव्हा आत्यांनी सगळं सांगितलं. वहिनी मशीनवर आहे हे कळल्यावर दिरांनी दोन रात्री डोळ्याला डोळा लावला नव्हता. काही बरं-वाईट झालं तर सुतक, सुतकात लग्न नाही. तेव्हा पोरीच्या काकीने डोळे मिटायच्या आत अक्षता पडू देत, असं भावकीने ठरवलं होतं. आष्ट्याच्या मंडळींनीही समजून घेतलं होतं. मी तिथल्या तिथे फोन लावला. "भावजी," मी म्हणाले, "माझ्या मरणाचा मुहूर्त बघून तुम्ही लग्नाचा काढलात?" मग त्यांचा आवाज आला, "वहिनी, तुमी बसून बोलताय का झोपून?"

तारीख पूर्वीचीच ठेवा असं मी म्हणाले, तर ते शक्य नव्हतं. नवऱ्या मुलाने सुट्टी अलीकडे घेतली होती, आणि ती मिळावी म्हणून पलटणीत कारण दिलं होतं की होणाऱ्या बायकोची चुलती मशीनवर आहे. हे ऐकून आमचे हे उठून उभे राहिले. फौजेत खोटं कारण देऊन घेतलेली सुट्टी म्हणजे त्यांच्या दृष्टीने फार मोठा गुन्हा. मी त्यांना बसवलं. म्हणाले, कारण खोटं कुठे आहे, मी आहेच की मशीनवर. जाताना आत्या मशीनजवळ थांबल्या. डॉक्टरांनी त्यात शुद्ध पाणी घालायला सांगितलंय हे त्यांनी ऐकलं होतं. गडू पुढे करून म्हणाल्या, "आणलंच हाय, तर हेच घाल की. याच्याहून शुद्ध कुठलं?"

उरलेले दिवस मी सकाळ-संध्याकाळ कवायत केली. मी इतकी कधी बारावीच्या निकालालाही धास्तावले नव्हते. एकेक रात्र जमत गेली. हे गॅलरीतून खोलीत परत आले आणि पहिल्या रात्री त्यांनाच झोप येईना. फार शांत आहे, म्हणाले.

लग्न झालं. मांडवात लोक मला बघायला येत होते, नवरीला नंतर. एका म्हातारबाईंनी माझ्या हाताला हात लावून पाहिला. वरात निघाली तेव्हा मी नवरीच्या शेजारी गाडीत बसले, मांडीवर मशीनची काळी बॅग. ती मी कुणाच्या हातात देत नव्हते, खाली ठेवत नव्हते, पाणी प्यायला उतरले तरी बगलेत. आष्ट्याला पोचेपर्यंत सासरच्या बायकांचा समज झाला होता की त्यात पोरीचे दागिने आहेत. मला आणि बॅगेला दोघांनाही लोडाशी बसवलं. मी बिनदिक्कत तो मान घेतला.

विहीणबाई मोकळ्या स्वभावाच्या. त्यांना मी सांगितलं की मला रात्री श्वासाला मशीन लागतं. "लावा की," म्हणाल्या, "हितं काय लाईट कमी हाय व्हय?" माडीवरच्या खोलीत आम्हा दोघींच्या गाद्या घातल्या होत्या. यांनी दूरदृष्टीने बॅगेत लांब वायरचा बोर्ड घातला होता. तो पुतणीच्या उशाशी आला. ती छताकडे बघत पडली होती. दिवसभर हसणारी पोर एकदम लहान दिसत होती. तिला काहीतरी सांगावं असं मला फार वाटलं, पण मास्क लावलेला. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. संत्री सुरू झाला, आणि मी लगेच झोपले. पाठराखीण म्हणून माझं काम चोख चाललं होतं.

सकाळी जाग आली तेव्हा उजाडलं होतं. डोकं जड, घसा कोरडा. मास्क गळ्यात लोंबत होता आणि मशीन बंद होतं. लाईट गेली होती म्हणावं तर पंखा गरगर फिरत होता. शेजारी पुतणी गाढ झोपली होती, माझ्या पदराचं टोक मुठीत धरून.

मी पदर सोडवला आणि जीव मुठीत धरून खाली गेले. विहीणबाई चुलीपुढे चहा करत होत्या. तेवढ्यात दारातून व्याही आले, हातात बॅटरी, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. "सगळा मळा पालथा घातला," ते म्हणाले. "मोटर बंदच हाय."

विहीणबाई मला सांगायला लागल्या, "आवं, रातच्याला उसाला पाणी न्हाई, तरी मोटर चालू. म्हणलं कुणी चोरून पाणी घेतंय का काय, म्हणून ह्यास्नी धाडलं." जिन्यात पुतणी येऊन उभी होती, तोंडात पदराचा बोळा कोंबून. पळून जायला वाट नव्हती. मी सरळ सांगितलं की ती मोटर मी होते.

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग आपल्या नवऱ्याच्या पायांकडे पाहिलं. मग त्या जमिनीवर बसून जे हसायला लागल्या, की चहा उतू गेला तरी कुणी उठेना. व्याही चिखलाच्या पायांनी तसेच उभे राहून म्हणाले, तरी मला वाटलंच, आपली मोटर असा ठेका धरत न्हाई.

वर आल्यावर मी पुतणीला धरलं. बोर्डाचं बटण बंद होतं, ते आपोआप बंद होत नाही. ती मान खाली घालून म्हणाली, "मीच बंद केलं. तुमचा मास्क पण मीच सैल केला."

मी विचारलं, का?

"झोपच येईना, काकी. सगळं घर नवीन, आणि तुम्ही अशा गप्प. शेजारी कुणी नाहीच असं वाटायला लागलं. वाईला पहिल्या दिवशी पण मला झोप येत नव्हती. मग तुम्ही घोरायला लागलात, आणि मला झोप आली. रोज तशीच यायची."

मला ओरडायचं होतं. डॉक्टरांनी एक रात्रही चुकवू नका सांगितलं होतं. मी तोंड उघडलं आणि शब्द काही बाहेर आले नाहीत, आणि तेव्हा नाकावर मशीन नव्हतं. इतकी वर्षं मी ज्या आवाजाची लाज धरून शेवटच्या एसटीने घरी पळत होते, तो आवाज ऐकून हे पोर माझ्या घरात रुळलं होतं. मी तिला जवळ घेतलं आणि खूप रडले. तिने मोबाईल दाखवला. झोपण्याआधी तिने माझं घोरणं रेकॉर्ड करून घेतलं होतं. ते पुसून टाक, मी म्हणाले. तिने मोबाईल पाठीमागे लपवला.

मी वाईला परतले. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या तपासणीत मशीनची नोंद बघून विचारलं की मधली एक रात्र अर्धवट कशी. मी म्हणाले, त्या रात्री पाठराखीण होते. त्या मला रागावल्या, आणि ते बरोबरच होतं.

सुट्टी संपून जावई पलटणीत गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत सकाळी सकाळी विहीणबाईंचा फोन आला. "विहीणबाई, खरं सांगा, तुमी रातच्याला आमच्याकडं येता व्हय? माडीवरनं मोटर ऐकू येतीया."

मी हसले, फोन ठेवला आणि मग हसू थांबलं. माडीवर ती एकटी होती. एकटीला झोप येत नव्हती म्हणून मोबाईल उशाशी ठेवून माझं घोरणं लावत होती. हे तिने मला फोनवर कधी सांगितलं नव्हतं, रोज मजेत आहे म्हणायची. मी दिवसभर शाळेत शिकवलं ते काय शिकवलं मला आठवत नाही. विहीणबाईंना मी संध्याकाळी उलटा फोन करून खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं, बगते मी."

पंधरा-वीस दिवस गेले आणि पुतणीचाच फोन आला. आवाजातच उडी होती. म्हणाली की आता मोबाईल लावावा लागत नाही, आई रोज वर तिच्याजवळ झोपायला येतात. आई म्हणजे विहीणबाई. आणि मग हसू दाबत कुजबुजली, "काकी, त्या पण घोरतात. तुमच्याइतकं नाही, पण चालतं."

मला आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर थोडा मत्सरही वाटला. तुमच्याइतकं नाही, हे वाक्य मात्र मी यांना दोनदा ऐकवलं. मग माझ्यातली शहाणी रुग्ण जागी झाली. मी तिला बजावलं की हे अंगावर काढायचं नसतं, घसा मिटतो, श्वास थांबतो, हृदयावर ताण येतो, तेव्हा सासूबाईंना लगेच साताऱ्याला तपासायला घेऊन ये.

"आणते की," ती म्हणाली. "जरा मला रुळू तर द्या."